बर्फातलं सहावं भोक

थांबलात म्हणजे तुमचं काहीतरी काम असणार. उगाच माझ्यासमोर कुणी थांबत नाही. बहुतेक लोक या काचेच्या कपाटापाशी येतात ते स्वच्छतागृह कुठं आहे याची पाटी वाचायला. तुम्ही मात्र मघापासून माझ्याकडं बघताय. बघा. मी बोलतोही, पण ऐकून तुम्ही ते कुणाला जाऊन सांगणार आहात, हे मला कळलेलं नाही, आणि जे कळत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही.

मी एक कर्कटक आहे. शाळेच्या कंपासपेटीत तुम्ही ज्यानं बाकावर नावं कोरलीत त्याचा थोरला चुलत भाऊ. एकात एक सरकणाऱ्या तीन ॲल्युमिनियमच्या नळ्या, एका टोकाला पितळी अणी, दुसऱ्या टोकाला छोटं पातं. अणी बर्फात रोवायची, नळ्या ओढून लांब करायच्या आणि पातं गोल फिरवायचं, की बर्फावर वर्तुळ उमटतं. खरं वर्तुळ. माणसाच्या पायानं काढलेलं वर्तुळ खरं की खोटं, हे त्याच्याशी ताडून बघतात. संशय घेणं हा माझा स्वभाव नाही हो, धंदाच आहे.

माझा जन्म १९६५ सालचा, उत्तर जपानातल्या हाचिनोहे बंदरावरचा. माकूळ मासा पकडायच्या गळांची यंत्रं बनवणारा एक लोहार होता. त्याच्याकडं रुइके किनुए नावाच्या बाई एक चित्र घेऊन आल्या. सगळं गाव त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणायचं. मुलींना बर्फावर स्केटिंग शिकवायच्या त्या.

"हे काय आहे, सेन्सेई?" लोहारानं विचारलं.

"बर्फावर वर्तुळ काढायचं कर्कटक."

"बर्फावर? आणि बर्फ पुसल्यावर?"

"पुन्हा काढायचं."

"आणि काढून करायचं काय?"

"मुली पायानं वर्तुळं काढतात. ती खरी की खोटी ते बघायचं."

"म्हणजे चोर पकडायला."

"तसं म्हणा," सेन्सेई म्हणाल्या.

लोहारानं माझी अणी गळाच्या पितळेतून घडवली. कानशीनं घासताना ती तिधारी झाली, आणि तो म्हणाला, गोल करत बसायला वेळ नाही, तिधारी चांगली रुतेल. जन्मतःच माझ्या कपाळी चोर पकडणं लिहिलं गेलं ते असं.

आजच्या पोरांना सांगून पटत नाही, पण त्या काळी या खेळात उड्या आणि गिरक्या नंतर यायच्या. आधी आकृत्या. कोऱ्या बर्फावर जायचं, एका पायावर सावकाश सरकत इंग्रजी आठचा आकडा काढायचा, आणि त्याच रेघेवरून पुन्हा दोनदा जायचं. संगीत नाही, टाळ्या नाहीत, सकाळी आठ वाजताचं रिकामं प्रेक्षागार. मग कातडी हातमोजे घातलेले पंच बर्फावर येत आणि गुडघ्यांवर बसून रेघा वाचत. जगातले मोठमोठे प्रतिष्ठित लोक मी मागच्या बाजूनंच पाहिलेत.

माझं काम सरावापुरतं. शेजारच्या छोट्या मैदानावर मुलींच्या चुका मी दाखवायचो. स्पर्धेच्या बर्फाला माझी अणी लागता कामा नये असा कडक नियम होता. कारण मधोमध टोचा असला, की त्याच्याकडं डोळा ठेवून कुणीही बरं वर्तुळ काढेल.

१९६६ साली आमच्या गावानं आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. शिराकाबा चषक. शिराकाबा म्हणजे पांढऱ्या सालीचं भूर्जाचं झाड; चषकावर त्याचं पान कोरलंय. पहिल्या वर्षी चार देश आले. गावानं त्यांना सफरचंदं दिली, कुरकुरीत पापड घातलेलं गरम सूप पाजलं, आणि पाहुण्यांनी पापड बाजूला काढून ठेवले तेव्हा कुणी काही बोललं नाही. मला तेव्हाच वाटलं होतं, हे लोक एकमेकांना काही विचारणार नाहीत आणि पुढं घोटाळे होतील.

दर नोव्हेंबरला स्पर्धा व्हायची आणि एक पुस्तिका निघायची. तिच्या शेवटच्या पानावर सगळ्या वर्षांच्या निकालांचा तक्ता असे. पाच वर्षं पहिल्या रांगेत परदेशी नावं आली. मासळी बाजारातल्या बायकांनासुद्धा तो तक्ता पाठ होता. आपल्यातलं एखादं नाव त्यात वर कधी लागतंय, याची अख्ख्या गावाला खाज होती.

ते नाव तोमाबेची मिसाओचं असणार, असं सगळे म्हणायला लागले.

मिसाओच्या घरी माकूळ वाळवायचा धंदा. तिच्या केसांना, मोज्यांना, सगळ्याला तो वास. बाकीच्या मुली तिच्याशेजारी बुटांच्या नाड्या बांधायला बसायच्या नाहीत. शाळा आणि घरचं काम यातून तिला उरायची ती पहाट. पहाटे पाचला मागचं दार तिच्यासाठी उघडायचे तानेइची तोकुजी. ते बर्फकरी. बर्फ गोठवणं, घासणं, त्यावर गरम पाण्याची गाडी फिरवणं, सगळं त्यांच्याकडं. दार असं वेळेआधी उघडणं नियमात बसत नव्हतं. पण ते उघडत आणि तिच्याकडं न बघता कामाला लागत.

रोज सकाळी ते गिरमिटानं बर्फात पाच भोकं पाडायचे, पट्टीनं जाडी मोजायचे, वहीत लिहायचे, आणि प्रत्येक भोकात ओला बर्फ कोंबून अंगठ्यानं दाबायचे. पाच म्हणजे पाच. जागाही ठरलेल्या. मग वरून पाणी.

"बर्फ कुठं चांगलाय, सांग," ते मिसाओला विचारायचे.

"तिसऱ्या खांबासमोर."

"कशावरून?"

"टाचेनं वाजवून बघितलं. बाकी सगळीकडं ठक होतं, तिथं टण् होतं."

"कान आहेत पोरीला. पाय आहेत की नाहीत ते सेन्सेई बघतील."

सेन्सेई बघायच्याच. मला हातात घेऊन तिच्या वर्तुळावर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "मिसाओ, हे वर्तुळ आहे की बटाटा?" पहिली दोन वर्षं बटाटेच होते. मग हळूहळू माझं पातं आणि तिची रेघ एकमेकांवर पडायला लागली. सतराव्या वर्षी तर बोटभरही फरक राहिला नाही. खरं सांगू? मला आनंद झाला नाही. माझ्या मनात संशयाची पाल चुकचुकली. माणसाचा पाय इतका खरा कसा असेल? सहा महिने मी तिची खोट शोधत होतो. मला ती सापडली नाही, आणि न सापडल्यामुळं माझा संशय अजूनच वाढला.

१९७१ चा नोव्हेंबर. सहावी स्पर्धा. त्या दिवशी सकाळी सहाला सेन्सेईंनी मला कपाटातून काढलं, छोट्या मैदानावर मिसाओच्या दोन आकृत्या तपासल्या आणि परत ठेवलं. आठला मोठ्या मैदानावर स्पर्धा सुरू झाली. पहिल्या दोन आकृत्यांनंतर मिसाओ पहिली होती. हे मला कपाटात कळलं, कारण बाहेर मासळीवाल्या बायका हळू आवाजात रडत होत्या.

तिसरी आकृती तिनं तिसऱ्या खांबासमोर काढली. पंच गुडघ्यांवर बसले. पंचप्रमुख परदेशी होते, उंच, नाकावर चष्मा घसरलेला. ते रेघ बघून उठले, मागं सरले आणि उजव्या वर्तुळाच्या मध्यावर त्यांचा बूट थबकला. तिथं भोक होतं.

तेवढ्यासाठी मला बोलावणं आलं. सेन्सेईंना मला स्वतःच्या हातानं न्यावं लागलं. वाटेत त्या कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हत्या, आणि मला वाटलं, हिनंच केलं असणार. सकाळी मला काढलं होतंच. हीच कुठल्या तरी क्षणी मोठ्या मैदानावर गेली असणार आणि माझी अणी रोवली असणार. मी स्वतः तिच्या हातात होतो, मला कुठं नेलं हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मला असं वाटलं. संशयाची सवय लागली की माणूस काय, वस्तूसुद्धा स्वतःचे डोळे खोटे मानते.

पंचप्रमुखांनी माझी अणी त्या भोकात ठेवली.

आणि मला लगेच कळलं. भोक गोल होतं. माझी अणी तिधारी. आणि भोक सैल होतं, माझं टोक त्यात हवं तिकडं कलत होतं. पंचप्रमुखांनी मला थोडं डावीकडं कलवलं, मग थोडं पुढं, आणि मग पातं फिरवलं. माझी रेघ मिसाओच्या रेघेवर तंतोतंत बसली. का नाही बसणार? तिचं वर्तुळ खरंच होतं. ते तितकं खरं नसतं, तर त्या भोकाला कुणी विचारलंही नसतं.

लाजेनं सांगतो, त्या क्षणी मला अभिमान वाटला. पहिल्यांदा मी स्पर्धेच्या बर्फावर होतो. नऊ देशांचे लोक माझ्याकडं बघत होते.

तोक्योहून आलेला एक दुभाषा होता. तो मिसाओला म्हणाला, "पंचप्रमुख विचारतायत, हे भोक इथं कसं आलं?"

मिसाओनं भोकाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून दाराकडं पाहिलं. दारात पाण्याच्या गाडीजवळ तानेइची उभे होते. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. तानेइचींनी मान खाली घालून स्वतःचे बूट बघितले.

मग मिसाओनं दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, कंबरेत वाकली आणि म्हणाली, "मोऊशिवाके आरिमासेन."

हे वाक्य आमच्याकडं दिवसातून वीस वेळा ऐकू येतं. सूप गार झालं तरी, छत्रीचं पाणी दुसऱ्यावर उडालं तरी, आगगाडी मिनिटभर उशिरा आली तरी. माझ्यामुळं तुमचा खोळंबा झाला, तुम्हाला वाईट वाटलं, एवढाच त्याचा अर्थ. पण शब्द सुटे करून बघितले तर ते असं म्हणतात: माझ्यापाशी सबब नाही.

दुभाष्यानं शब्द सुटे केले.

पंचप्रमुखांनी सावकाश मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असावं, माणूस चांगला होता. सबब नाही म्हणाली, म्हणजे कबूल केलं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक स्थानिक माणसाला कळलं की गफलत झाली. स्पर्धेच्या सचिवांना कळलं, आमच्या पंचांना कळलं. अळीमिळी गुपचिळी. पाहुण्या दुभाष्याला सगळ्यांदेखत खोडून कसं काढायचं?

बाहेर सेन्सेईंनी त्याला गाठलं.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"ती म्हणाली तेच. शब्दाला शब्द."

"अहो, पण ती तसं म्हणाली नाही."

"मग काय म्हणाली?"

"माफी मागितली."

"कशाची?"

"झालेल्या त्रासाची."

"मग मागितलीच ना माफी," दुभाषा म्हणाला, आणि खरोखरच गोंधळला.

सेन्सेई मला घेऊन पंचांच्या खोलीपर्यंत गेल्या. दार वाजवायला हात उचलला. आत सगळे मान्यवर चहा पीत होते. सेन्सेईंनी हात खाली घेतला आणि बंद दाराला म्हणाल्या, "मोऊशिवाके आरिमासेन." मग त्या परत फिरल्या. मी त्यांच्या काखेत होतो. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि मग आठवलं की मीही काही बोललो नव्हतो.

मिसाओ अपात्र ठरली. तिनं बूट काढले, बर्फाकडं तोंड करून एकदा वाकली आणि घरी गेली. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर तक्त्याखाली एक ओळ वाढली: तोमाबेची मिसाओ, हाचिनोहे, अपात्र. त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि त्याच्याही पुढच्या. स्पर्धेचा इतिहास दर वर्षी नव्यानं छापतात, एक ओळ खाली वाढवून. खोटं एकदाच बोलावं लागतं, नंतर ते छापखाना बोलतो.

ते भोक कुणाचं, हे मला आठवडाभरात कळलं. रोज सकाळी गिरमिटाचा आवाज ऐकत होतो, गोल भोक पाडणारं दुसरं काय असणार? शेवटचं पाणी फिरवून झाल्यावर बर्फाला हात लावणं हे बर्फकऱ्याचं महापाप. पण त्या सकाळी तानेइचींना तिसऱ्या खांबासमोरच्या बर्फाची काळजी वाटली असणार, कारण मिसाओ तिथंच जाणार हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी सहावं भोक पाडलं, जाडी बघितली, घाईनं अंगठ्यानं बुजवलं, आणि त्यावर फिरवायला पाणी उरलं नाही, म्हणून भरलेला बर्फ धरला नाही आणि सुटून आला. वाईट हेतू नव्हताच. तिच्या चांगल्यासाठीच केलं. पण बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी बूट बघितले.

नऊ वर्षं मिसाओ मैदानावर फिरकली नाही. बापाच्या शेडमध्ये माकूळ वाळवत होती. मग १९८० च्या नोव्हेंबरात ती आली, स्वयंसेवकांचं निळं जाकीट घालून.

दोन गटांच्या मधल्या वेळात काही स्वयंसेवक बर्फाची बादली घेऊन मैदानावर उतरतात. उड्यांनी पडलेले खड्डे शोधायचे, ओला बर्फ भरायचा, दाबायचा. मिसाओनं ते काम मागून घेतलं. आणि बादल्या भरून द्यायचं काम कुणाचं? तानेइचींचं.

"बादली," ते म्हणाले.

"द्या," ती म्हणाली.

बस, एवढंच. पुढच्या वर्षी पुन्हा. बादली. द्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. लोक म्हणायचे, किती मोठं मन आहे बाईचं, झालं गेलं विसरली. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. दर वर्षी ती त्यांच्यासमोर येऊन हात पुढं करते आणि त्यांच्या तोंडाकडं बघते, याला विसरणं म्हणत नाहीत. कुठंतरी पाणी मुरतंय, मी म्हणायचो. ती कशाची तरी वाट बघतेय. आणि तानेइची निवृत्तीनंतरही, काठी हातात येईपर्यंत, स्पर्धेपुरते यायचे आणि बादली देताना दर वर्षी थोडे अजून वाकायचे. त्याला सगळे वय म्हणायचे.

इकडं माझेही दिवस फिरले. आकृत्यांचे गुण आधी निम्म्याहून जास्त होते, मग निम्मे झाले, मग तिसरा हिस्सा, मग पाचवा. टीव्हीवाल्यांना गुडघ्यांवर बसलेले पंच दाखवण्यात रस नव्हता. १९९० नंतर आकृत्या संपल्याच. कुणी माझा निरोपसमारंभ केला नाही. कपाटाच्या दाराला अडसर म्हणून मला तिरपं उभं केलं. अकरा वर्षं माझ्यावर ओले पंचे वाळत होते. रुइके सेन्सेई त्याच काळात गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणा मुलीच्या वर्तुळाला बटाटा म्हटलं नाही.

मग २००१ साली कुणाला तरी इतिहासाचं प्रेम आलं आणि मला या काचेत आणून ठेवलं. खाली चिठ्ठी लावली: "१९७१ च्या प्रकरणाची शहानिशा याच उपकरणानं केली." लोक वाचायचे, एकमेकांना कोपरानं ढोसायचे आणि म्हणायचे, हाच तो. चौदा वर्षं मी ही शाबासकी खाल्ली. माझ्या शहानिशेबद्दल कुणाला एकदाही शंका आली नाही, म्हणजे बघा.

२०१५ साली पन्नासावी स्पर्धा आली. समितीनं मोठी पुस्तिका काढायचं ठरवलं आणि काम सेत्ताई योरिको नावाच्या तिशीतल्या बाईंकडं दिलं. ही बाई मला पहिल्यापासून आवडली, कारण ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. 'अपात्र' या शब्दाशी ती अडली. कशासाठी अपात्र? पुरावा काय? भोक कुणी पाडलं? जुन्या लोकांना विचारलं तर ते म्हणायचे, फार जुनी गोष्ट आहे हो, आणि हवेबद्दल बोलायला लागायचे. असं करत ती तानेइचींच्या घरी पोचली. त्यांनी तिला चहा दिला आणि हवेबद्दलच बोलले.

पण स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः आले. शहाऐंशी वर्षांचे, काठी टेकत, काखेत एक वही. समितीची खोली माझ्या कपाटासमोरच आहे आणि गर्दीमुळं तिचं दार उघडं होतं. मला सगळं दिसत होतं.

"ही त्या वर्षीची," ते म्हणाले आणि वही उघडून ठेवली. "पाच आकडे आहेत. खाली सहावा आहे बघा, खोडलेला. तो त्याच दिवशी लिहिला आणि त्याच दिवशी खोडला. भोक माझं होतं."

सेत्ताईबाईंनी ते दोनदा वाचलं. "तानेइची-सान, हे मला कशाला दाखवताय?"

"छापायला."

"आधी मिसाओ-सानना बोलावते," त्या म्हणाल्या, आणि कुणाला पाठवायच्या ऐवजी स्वतःच धावल्या.

मिसाओ आली ती कामावरून तशीच, हातात बादली, थंडीनं बोटं लाल. एकसष्ट वर्षांची. वहीवर तिनं नजर टाकली आणि बादली जमिनीवर ठेवली. तानेइची उठून उभे राहिले. काठी खुर्चीला टेकवली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि कपाळ टेबलाला लागेपर्यंत वाकले.

"मोऊशिवाके आरिमासेन," ते म्हणाले.

यावर काय म्हणायचं ते आमच्याकडं ठरलेलं आहे. छे छे, असं काय करता, मान वर करा. माणूस झोपेतही म्हणेल. सेत्ताईबाईंच्या तर तोंडातून "छे" निघालंच होतं.

मिसाओ म्हणाली, "नाहीच आहे."

तानेइची तसेच वाकलेले राहिले.

"सबब नाहीच आहे तुमच्यापाशी, तानेइची-सान."

पन्नास वर्षं मी या इमारतीत आहे. हे वाक्य असं उत्तर म्हणून कुणी कुणाला दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

"त्या भोकाच्या काठावर तुमच्या अंगठ्याचा दाब होता," मिसाओ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी तो रोज बघायचे, मला ओळखायला कितीसा वेळ लागणार? मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही बूट बघितलेत."

"हो."

"मला वाटलं, उद्या सांगाल. मग वाटलं, पुढच्या वर्षी सांगाल. घरी बसून कसं कळणार, म्हणून बादली घ्यायला यायला लागले."

"मला माहीत होतं."

"मग?"

"दर वर्षी ठरवायचो, आज सांगायचं. मग तू समोर यायचीस आणि मी बादली द्यायचो." त्यांनी जमिनीवरच्या बादलीकडं बघितलं. "बादली देणं सोपं होतं गं."

सेत्ताईबाईंना राहवलं नाही. "पण मिसाओ-सान, तुम्ही स्वतः का नाही बोललात?"

"पहाटे पाचला दार कोण उघडायचं? मी बोलले असते, तर त्या दाराला दुसरा माणूस आला असता," मिसाओ म्हणाली. "आणि मी सतरा वर्षांची होते. मला वाटलं, इतकी मोठी माणसं उभी आहेत, कुणीतरी बोलेलच."

कुणीतरी म्हणजे कोण, ते तिनं सांगितलं नाही. पण तिची नजर दारातून बाहेर आली आणि माझ्यावरून गेली. मला लपायला काच पुरेना झाली.

मग तिनं तानेइचींच्या दंडाला धरून त्यांना सरळ केलं, खुर्चीत बसवलं आणि काठी हातात दिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. बादली उचलली आणि गेली, कारण पुढच्या गटाची वेळ झाली होती.

पुस्तिका तोवर छापून झाली होती. सेत्ताईबाईंनी शुद्धिपत्र काढलं आणि समितीतल्या तिघा-चौघांना बसवून हजार प्रतींत हातानं चिकटवलं. 'अपात्र' गेलं. त्या जागी कितवी लिहायचं यावर दोन तास वाद झाला. गुण कधी दिलेच नव्हते, मग क्रमांक कुठून आणणार? शेवटी नुसतं नाव ठेवलं, पुढची जागा कोरी. काहींना वाटलं, एवढ्यासाठी इतका आटापिटा कशाला. मला वाटलं, निदान कोरी जागा खोटं तरी बोलत नाही. माझ्या खालची चिठ्ठीही सेत्ताईबाईंनी नखानं खरवडून काढली. तिचा डिंक अजून लाकडावर आहे.

स्पर्धा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान रिकामं होतं. झेंडे उतरवायचे राहिले होते. या हॉलच्या काचेतून मला मैदानाचा निम्मा भाग दिसतो. मिसाओ आली, बूट घातले आणि बादली न घेता बर्फावर उतरली. कठड्याशी सेत्ताईबाई पेले गोळा करत होत्या. त्या थांबल्या.

मिसाओनं टाचेनं बर्फ वाजवला. दोन पावलं सरकली, पुन्हा वाजवला. मग एका पायावर उभी राहिली, हात थोडे पसरले आणि निघाली. सावकाश. गुडघा कुरकुरत असणार, कारण एका जागी ती जरा हलली. उजवं वर्तुळ पुरं झालं, पाय बदलला, डावं वर्तुळ. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग बाजूला होऊन ती उभी राहिली आणि खाली बघत राहिली, बराच वेळ.

सेत्ताईबाई कठड्यावरून वाकल्या. "मिसाओ-सान, ते कर्कटक आणू का? किल्ली आहे माझ्याकडं. मोजून बघू."

माझ्या तिन्ही नळ्या आतल्या आत ताठल्या. पंचवीस वर्षांत मला कुणी बोलावलं नव्हतं.

"नको," मिसाओ म्हणाली. "राहू दे त्याला तिथंच."

मग नव्या बर्फकऱ्यानं गाडी काढली, गरम पाणी फिरवलं आणि आकृती गेली.

तर ही माझी हकीकत. तानेइची त्या हिवाळ्यात गेले. मिसाओ अजून दर नोव्हेंबरला येते आणि बादली स्वतःच भरून घेते. मी इथं आहे, आणि मला बाहेर काढा असं माझं म्हणणं नाही. तुम्हीही कुणाच्या वर्तुळात भोक सापडलं, तर माझ्यासारख्याला बोलवायच्या आधी त्या माणसाला नीट विचारा, आणि त्यानं काय उत्तर दिलं तेही पुन्हा एकदा विचारा. एवढी विनंती आहे.

आता जा, तुमचे लोक दाराशी थांबलेत. एकच गोष्ट राहिली. त्या सकाळी गुडघा हलला तेव्हा डावं वर्तुळ किंचित फुगलं असावं, असा मला संशय आहे. पण तो माझ्यापाशीच राहू द्या.